हातखोलीतले दोन मणी

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४, नांदेड

आज कामावर हजर झाले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिली नोकरी. हजेरीपटावर सही करताना नुसतं 'प्रेमला' लिहून थांबले. आडनाव पण लागतं बाई, असं शिपाई म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.

संग्रहालय एका संस्थेचं आहे. खाली जुनी नाणी, तलवारी, फुटक्या मूर्ती. वर जिन्याच्या डाव्या हाताला नवी खोली काढलीय, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. दारावर 'बालविज्ञान क्रीडा दालन' अशी पाटी. आत पाण्याची दोन मोठी घमेली, नरसाळी, नळ्या, वाळूचं तबक, वाकडे आरसे, उतरणीवरून सोडायचे लाकडी चेंडू, प्लास्टिकमध्ये बसवलेले मोठे चुंबक. सगळं हात लावायचं. ती खोली माझ्या ताब्यात.

इथल्या प्रमुख मालविका मॅडम. बत्तीस वर्षांच्या असतील, पुण्याच्या. त्यांनी पहिलंच सांगितलं की इथं शिकवायचं नाही. मुलं काय करतात ते बघायचं आणि वहीत लिहायचं. मला हायसं वाटलं. उदगीरला बी.एस्सी. केलं त्याला सव्वीस वर्षं झाली. पुढं देवणीच्या घरात आधी वडिलांचं, बापूंचं, आणि मग आईचं, अव्वाचं, दुखणं काढण्यात सगळं गेलं. अव्वा गेली त्याला आता आठ महिने. शिकवायचं कसं हे मला येत नाही. बघत बसायची मात्र सवय आहे.

दालनाची वही वेगळी आहे. ही माझी.


रविवार, ८ डिसेंबर

तेवीस मुलं आली. पाण्याच्या घमेल्याभोवती नुसता चिखल. एका पोरानं दुपारभर एकच काम केलं, नरसाळ्यात पाणी ओतायचं आणि नळीच्या टोकाला डोळा लावून बघायचं. डोळ्यात पाणी गेलं की हसायचं. मी न राहवून त्याला पाणी खालीच का येतं ते सांगायला लागले. माझं वाक्य संपायच्या आत तो वाळूकडं निघून गेला.

एका छोट्या मुलीला 'दालन' म्हणता येईना. ती आजीला म्हणाली, हाताच्या खोलीत जाऊ. मला ते आवडलं. हातखोली.

मॅडमनी जेवायला बोलावलं, डबा जास्त झालाय म्हणाल्या. आठवड्यात हे तिसऱ्यांदा. मी माझा डबा आणते असं सांगितलं. एकट्या राहतात, तरी स्वयंपाकाचा अंदाज येत नाही त्यांना. नवीन असताना चुकतो माणूस.


सोमवार, ३० डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. संग्रहालयाला सोमवारची सुट्टीच असते. शनिवारपासून बॅग भरून ठेवली होती, कारण अण्णाचा, म्हणजे माझ्या भावाचा, वीरण्णाचा फोन येणार होता. आमच्याकडं या दिवशी सगळं गाव शिवारात जाऊन जेवतं. अव्वा अंथरुणावर होती तेव्हाही तिला बैलगाडीत घालून नेली होती.

फोन आला नाही. शिवारात रेंज नसते.

सकाळी बाजारात जाऊन तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, मेथी, जमेल तेवढ्या भाज्या आणल्या आणि खोलीवर भज्जी लावली. एवढ्या भाज्या एकत्र शिजवल्यावर थोडं काही होतच नाही. पातेलं भरलं. घरमालकिणीला वाटीभर दिली, त्या म्हणाल्या हे काय असतं. त्या तिकडच्या आहेत, विदर्भातल्या.

दिवस मावळताना मीच फोन केला. वहिनीनं उचलला. मागं लई माणसं बोलत होती. तुम्हाला सुट्टी नसते म्हणून नाही बोलावलं, असं ती म्हणाली. सोमवारची सुट्टी मी सांगितली होती बहुतेक. किंवा नसेल सांगितली.


शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

आज मी एक काम परस्पर केलं.

ते मोठे चुंबक निकामी आहेत. प्लास्टिकच्या आत कुठंतरी दडून बसलेत, टाचणी उचलतात तेवढंच. मुलं एकदा हात लावतात आणि जातात. काल वजिराबादच्या बाजारात एका खेळण्यांच्या दुकानात मला गोल मण्यांसारखे चुंबक दिसले. वाटाण्याएवढे, चकचकीत, पण ताकद अशी की दोन मणी एकमेकांकडं उडीच मारतात. दहा घेतले. साठावहीत चढवायचं तर आधी अर्ज, मग मंजुरी, तीन आठवडे जातात. म्हणून चढवले नाहीत. मॅडमनाही बोलले नाही. रिकाम्या औषधाच्या डबीत ठेवलेत, माझ्या खणात.

आज ते बाहेर काढले. एक मणी तळहातावर ठेवायचा, दुसरा हाताच्या खालून फिरवायचा. वरचा आपोआप चालायला लागतो. कापडातून चालतो, पुठ्ठ्यातून चालतो, हातातून पण चालतो. चार वर्षांचा एक मुलगा तोंड उघडं टाकून बघत राहिला आणि त्यानं स्वतःचा हात उलटा करून बघितला, आत काय आहे म्हणून.

माझ्यामुळं कुणाचं तोंड असं उघडं पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.


शनिवार, ११ जानेवारी

अण्णा येऊन गेला. सकाळी फोन आला की नांदेडला काम आहे, तुझ्याकडं येतो. मी रात्रीच तीळ भाजून लाडू वळले होते, संक्रांतीला म्हणून, ते डब्यात घातले.

त्याला हातखोली दाखवली. उतरणीवरचे चेंडू दाखवले. जड आणि हलका बरोबरच खाली येतात, बघ म्हटलं. तो हो हो म्हणत फोनवर बोलत होता. शेतीचा हंगाम आहे, माणसांचे फोन येतात. मग खालच्या टेबलावर त्यानं कागद काढले. देवणीचं घर आणि वावर त्याच्या एकट्याच्या नावानं करायचं, त्यासाठी माझं हक्कसोड पत्र. मी सही केली. सवडीनं तिथल्या कचेरीत अंगठा द्यायला जायचंय, गाडी पाठवतो म्हणाला. बहिणीनं अडवून काय करायचं. आणि माझी खोली आहेच तिथं. सध्या तिच्यात सोयाबीनची पोती लावलीत, तुझं सामान एका ट्रंकेत नीट ठेवलंय, असं त्यानं आपणहून सांगितलं.

दहा मिनिटं थांबला. लाडवाचा डबा टेबलावरच विसरला.


बुधवार, १५ जानेवारी

रविवारपासून एक मुलगी येतेय. रेणुका, साडेचार वर्षांची. सोबत तिचे आजोबा, हणमंतबाबा. जळकोट तालुक्यातल्या तांबटवाडीचे. त्यांच्या मालकिणीला, म्हणजे रेणुकाच्या आजीला, इथं जवळच्याच दवाखान्यात ठेवलंय, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. तिथं पोर कंटाळते म्हणून ते तिला इकडं घेऊन येतात. बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसतात आणि पाच मिनिटांत झोपतात.

ही मुलगी कुणाशी बोलत नाही. पण प्रत्येक गोष्ट तीनदा करून बघते. पहिल्यांदा जमलं तरी पुन्हा दोनदा. मणी तिनं हातातून चालवले, मग सतरंजीतून, मग लाकडी फळीतून, मग झोपलेल्या आजोबांच्या टोपीतून. मग माझ्याकडं आली.

"मावशी, भिंतीतून?"

"करून बघ," म्हटलं.

भिंतीतून जमलं नाही. ती दुसऱ्या भिंतीकडं गेली. तिकडं पण नाही. परत येऊन म्हणाली, "भिंत लई जाड हाय."

तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी पण नाही.

दुपारी बाकीची मुलं गेली की मी तिला मण्यांची डबी देते आणि बाजूला चटई टाकून बसवते. आज घरी चालत जाताना मी गुणगुणत होते असं लक्षात आलं. थांबवलं.


शनिवार, १८ जानेवारी

सव्वापाचला खोली बंद करताना डबीतले मणी मोजले, दुपारी दहा होते. आठ.

सगळं उलटंपालटं केलं. सतरंज्या झटकल्या, वाळू चाळली, घमेली रिकामी केली. लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला हात लावून बघितला, कपाटाच्या मागं, खुर्च्यांच्या पायांना, दाराच्या बिजागऱ्यांना. चिकटले असते तर तिथंच चिकटले असते. आठच.

मणी खाण्यासारखे दिसतात, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. पंधरा दिवस मी ते मुलांच्या हातात देतेय आणि आज दिसलं.

खाली जमिनीवर बसले. मग जे मनात आलं ते इथं लिहिते, कारण दुसरीकडं कुठं लिहिणार नाही. असं आलं की हे मणी कोणत्याच वहीत नाहीत. ते मी आणले हे कुणालाच माहीत नाही. उरलेले आठ गोदावरीत टाकले तर ते कधी नव्हतेच. किती वेळ तशी बसले होते माहीत नाही, पण शिपाई दिवे बंद करायला आला तोपर्यंत बसले होते.

मॅडम बैठकीसाठी संभाजीनगरला गेल्यात. त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "प्रेमलाताई, मी सोमवारी येते. तोपर्यंत कुणाला काही बोलू नका. झाडताना गेले असतील." आवाज घाबरलेला होता. मी बरं म्हटलं.

बरं म्हणून फोन ठेवला आणि पालकांचे नंबर असलेली भेटीची वही काढली. आज दुपारनंतर मण्यांजवळ आलेली मुलं चौदा. एकेकाच्या आईबापाला फोन लावला. काय झालं ते सांगितलं, पोट दुखतंय का, उलटी झाली का विचारलं, काही वाटलं तर लगेच एक्स-रे काढा म्हटलं. एका बापानं लई शिव्या दिल्या. एक आई रडायलाच लागली, तिच्या मुलानं मणी फक्त लांबून बघितले हे तिला पुन्हा पुन्हा सांगून पटवलं. दोघांनी लगेच दवाखान्यात जातो म्हटलं आणि तासाभरानं काही नाही असा फोन केला. एका आजोबांनी माझं गाव विचारलं, मग त्यांची मेहुणी देवणीची निघाली, ते वीस मिनिटं बोलत होते.

तेरा फोन झाले. चौदावा लागला नाही. हणमंतबाबांनी आपल्या हातानं नंबर लिहिलाय आणि त्यात नऊच आकडे आहेत.

दवाखान्यात धावत गेले. आजीबाईंना दुपारीच सोडलं होतं. चार वाजता तिघं गावाकडं गेली.


रविवार, १९ जानेवारी (लातूरहून लिहितेय)

पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाले. कंधारला गाडी बदलली, जळकोटला उतरले, तिथून एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर तांबटवाडी. थंडीनं बोटं वाकत नव्हती. वाटेत मॅडमचे तीन फोन येऊन गेले. घेतले नाहीत.

घर विचारत गेले. अंगणात रेणुकाची आई हरभऱ्याचे डहाळे सोलत बसली होती. तिचं नाव राजकन्या, तेव्हा माहीत नव्हतं. रेणुका भिंतीला टेकून बसलेली, तोंड सुकलेलं. हणमंतबाबांनी ओळखलं आणि लगबगीनं खाट झाडली. "संग्रालयातल्या बाई," असं सुनेला सांगितलं. मग आपणच म्हणाले की पोरगी रात्रीपासून दोनदा ओकली, पोट दुखतंय म्हणून राहिली, प्रवासात भजी खाल्ली त्याचं असंल. ओवा दिलाय.

मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

राजकन्याचे हात थांबले. तिनं एवढंच विचारलं, "ते मणी तुमी दिल्ते?"

"हाव," म्हटलं. "मीच दिले. माझेच होते."

 तिनं पदर खोचला, पोरीला उचललं आणि चालायला लागली. मी मागं. हणमंतबाबा चप्पल शोधत मागं राहिले, मग तसेच अनवाणी आले.

जीपनं उदगीर. एक्स-रेमध्ये पांढरे दोन गोळे दिसले, एकाला एक चिकटलेले. डॉक्टरांनी हात न लावता लातूरला पाठवलं, तिथं नळी घालून काढणारे डॉक्टर आहेत म्हणून. तिथंही लगेच आत घेतलं. आतून दुर्बीण घालून काढले, पोट फाडावं लागलं नाही. मणी अजून जठरातच होते. खाली आतड्यात उतरून वेगळे झाले असते तर आतड्याला भोक पडलं असतं, अशा वेळी मूल हाती लागत नाही, असं डॉक्टर राजकन्याला सांगत होते. मी दोन हात मागं उभी होते. त्यांना वाटलं मी नात्यातली आहे. मला म्हणाले, मावशी, वेळेवर आणलंत.

राजकन्यानं माझ्याकडं बघितलं आणि डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही.


सोमवार, २० जानेवारी, लातूर

काल रात्र बाहेरच्या बाकावर काढली. मला कुणी जा म्हटलं नाही आणि बस पण म्हटलं नाही. रेणुकाचा बाप पुण्याला कंपनीत आहे, तो पहाटे आला. हणमंतबाबांनी त्याला मी कोण ते सांगितलं असावं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो तसाच आत गेला.

हणमंतबाबांनी चहा आणून दिला. त्यांचेच डोळे लाल होते. मी झोपलो बाई, असं दोनदा म्हणाले. मी स्टुलावर झोपलो. मी म्हटलं, बाबा, तुमचं काही नाही. त्यांना ते ऐकू आलं नसावं.


मंगळवार, २१ जानेवारी

आज सकाळी बाबा मला आत बोलवायला आले. पोरगी मणी कसे गिळले ते कुणालाच सांगत नव्हती, आणि मावशीलाच सांगते म्हणत होती. राजकन्या खाटेच्या पलीकडं उभी होती, हाताची घडी घालून.

रेणुका उशीला टेकून बसली होती. घसा दुखत होता, हळू बोलली. एक गिळला म्हणाली. मग दुसरा वरून पोटावर धरला. चालवून बघितला. चिकटंना.

"मग?" माझ्या तोंडून गेलं.

"मग म्हणलं पोट भिंतीवानी जाड हाय. आत गेल्याबिगर कसं चिकटंल. म्हणून दुसरा बी गिळला."

इथं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. तिनं हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. मला आनंद झाला. किती नीट विचार केला हिनं, असं वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर आलं असणार. मान वर केली तर राजकन्या माझ्याकडं बघत होती.

"झालं का विचारून?" ती म्हणाली.

मी बाहेर आले आणि बसस्टँडचा रस्ता धरला. कुणाचा निरोप घेतला नाही. घ्यायचा कोणत्या तोंडानं.


मंगळवार, २८ जानेवारी, नांदेड

हातखोलीला कुलूप आहे. आज संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. मॅडम पण होत्या. सचिवांनी एक छापलेला कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं की सदर मणी भेटीस आलेल्या एका पालकांनी आणले असावेत, संग्रहालयाच्या साठ्यात अशी कोणतीही वस्तू नाही. सही करा, मूल सुखरूप आहे, दोन महिन्यांत सगळे विसरतील, तुम्ही पण इथंच राहाल. चांगला माणूस आहे, शांतपणे समजावून सांगत होता.

मी कागद वाचला. त्यात एकच गोष्ट खरी होती, साठ्यात नव्हते ही. ती पण माझ्यामुळंच खरी.

मला खरंच वाटलं की सही करावी. देवणीला परत जायचं म्हणजे पोती हलवायला लागतील, वहिनीला त्रास. पण कोणते पालक, हे कुणीतरी विचारणार. आणि स्टुलावर झोपलेले हणमंतबाबा आठवून आठवून स्वतःलाच विचारत बसतील की आपणच काही आणलं होतं का.

मी कोरा कागद मागितला. लिहिलं की मणी मी माझ्या मर्जीनं आणले, परवानगी घेतली नाही, कुणाला कळवलं नाही, दोन मणी रेणुका या मुलीनं गिळले. खाली नाव आणि आडनाव.

मग मॅडमनी पण कोरा कागद मागितला. त्यांनी लिहिलं की प्रेमलाताईंनी त्याच संध्याकाळी आपल्याला कळवलं होतं आणि आपण त्यांना सोमवारपर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं. सचिव कपाळाला हात लावून बसले.

हे लिहायची काय गरज होती ते कळलं नाही. मी कुणाला सांगणार नव्हते.


शनिवार, १ फेब्रुवारी

माझा करार संपवला. मॅडमना राजीनामा द्यायला सांगितला म्हणे, त्या पुण्याला परत चालल्यात.

संध्याकाळी त्या खोलीवर आल्या. पहिल्यांदाच. हातात पिशवी होती. मी दारातच बोलले, आत पसारा होता. त्यांनी जेवण झालं का म्हणून विचारलं. मी झालं म्हटलं, खरं तर भात लावला होता नुकता. त्या म्हणाल्या, त्या शनिवारी मी फोन ठेवला आणि रात्रभर झोपले नाही, तुम्ही सगळ्या पालकांना फोन केलेत हे सकाळी कळल्यावर मला रडू आलं.  मी म्हटलं, तुम्ही प्रवासात होता, दमला असाल.

पुण्याहून फोन करू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं नंबर आहेच तुमच्याकडं. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या. पिशवीत काय होतं ते विचारायचं राहिलं.


बुधवार, ५ फेब्रुवारी

अण्णाला फोन केला, नोकरी गेल्याचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं. देवणीला यायचं म्हटल्यावर म्हणाला, आत्ता पोती हलवायची कुठं, हरभरा पण घरात येतोय. उन्हाळ्यात बघू. हंगामाच्या दिवसांत खरंच जागा नसते.

इथंच एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम मिळालंय. बारावीच्या प्रात्यक्षिकांचे दिवस आहेत, काचेची भांडी धुवायची आणि मांडायची. मुलं खाली मान घालून पाठ केलेलं लिहितात. कुणी काही विचारत नाही.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. राजकन्या होती. नंबर कुठून मिळाला ते विचारलं नाही.

रेणुका बरी आहे, भाकरी खाते, अंगणवाडीत जायला लागली, असं तिनं सांगितलं.  

"तुमी आल्या नसत्या तर माझी पोरगी राहिली नसती," ती म्हणाली. "आन् तुमी नसत्याच तर हे झालंच नसतं. दोनी खरं हाय, ताई. मी रोज दोनी धरून बसते. मला तुमाला माफ करता येईना अजून."

मी म्हटलं, नका करू.

"पोरगी विचारती तुमच्याबद्दल. म्या सांगितलं, मावशी गावाला गेल्या."

मी म्हटलं, बरं केलं.

मग तिनं फोन ठेवला. त्यानंतर मी सत्तर परीक्षानळ्या धुतल्या आणि एकही फुटली नाही.


रविवार, ९ मार्च

हातखोली पुन्हा उघडल्याचं पेपरात वाचलं. आज सुट्टी होती. तिकीट काढून गेले.

शिपायानं ओळखलं, पण खिडकीजवळ गर्दी होती, त्याला बोलायला जमलं नाही. वर गेले. खोलीला पिवळा रंग दिलाय. घमेल्यांच्या जागी पाण्याचं एक लांब टेबल आलंय, मुलांच्या कमरेएवढं, ते चांगलं आहे. चुंबक काढून टाकलेत. त्या जागी आता सावल्यांचा पडदा आहे. दिव्यासमोर हात धरायचा आणि पडद्यावर हरीण, कुत्रा काढायचा. एक मुलगी हात धरत नव्हती, ती पडद्याच्या मागं जाऊन सावली कुठून येते ते शोधत होती. मागून पुढं, पुढून मागं. मी तिच्याकडं बघत उभी राहिले.

नवीन बाई आल्यात. बाई कसल्या, पोरगीच आहे, तेवीस-चोवीसची, गळ्यात ओळखपत्र. ती माझ्याजवळ आली, चांगल्या आवाजात विचारलं, "काकू, तुमचं मूल कोणतं?"

मी सगळ्या मुलांकडं एकदा बघितलं. "कोणतंच नाही," म्हटलं.

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, मुलांसोबत नसलेल्या मोठ्यांना आत थांबता येत नाही, आता तसा नियम केलाय, मागं काहीतरी झालं होतं म्हणे. तिला सांगताना अवघड वाटत होतं. मी म्हटलं, बरोबर आहे, नियम हवाच.

बाहेर जिन्याजवळ बाक आहे, तिथं बसले. दार लोटलेलं होतं. आत कुणीतरी पोर एकदम खदखदून हसलं, मग त्याच्यामागून सगळी हसली. कशाला हसली ते बाहेरून दिसत नव्हतं.